गंगा पाणीवाटप करार (१९९६) : बाधित समुदाय, स्त्रिया आणि सुधारणांचा प्रश्न

गंगा पाणीवाटप करार हा भारत आणि बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर, १९९६ रोजी नवी दिल्ली येथे झालेला द्विपक्षीय करार आहे. भारताचे तत्कालीन पंतप्रधान एच. डी. देवेगौडा व बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. पश्चिम बंगालमधील फरक्का येथे पोहोचणारे गंगेचे पाणी दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या हंगामात दोन देशांनी कसे वाटून घ्यावे, हा या कराराचा विषय होय. कराराची मुदत ३० वर्षांची असून ती डिसेंबर २०२६ मध्ये संपते. मुदतवाढ आपोआप होत नाही. तिला उभयपक्षी संमती लागते. त्यामुळे कराराचे नूतनीकरण करताना त्याचा मजकूर आहे तसाच ठेवावा की त्यात नदीकाठच्या बाधित लोकांचा, विशेषतः स्त्रियांचा, स्पष्ट विचार व्हावा, हा प्रश्न दोन्ही देशांतील जलतज्ज्ञ व नागरी संघटना यांच्या चर्चेत आला आहे.

पार्श्वभूमी

फरक्का बंधारा पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात, बांगलादेशाच्या सीमेपासून २० किलोमीटरच्या आत आहे. त्याचे बांधकाम १९६१ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल, १९७५ रोजी तो कार्यान्वित झाला. सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीच्या या बंधाऱ्याला १०९ दारे आहेत. हे पाणी साठवणारे धरण नव्हे. गंगेचे पाणी अडवून, त्याची पातळी उंचावून ते सुमारे ३८ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याने भागीरथी-हुगळी नदीत वळवणे, हे त्याचे काम आहे. जोडकालव्याची क्षमता ४०,००० क्युसेक आहे. हुगळीत साचणारा गाळ या वाढीव प्रवाहाने वाहून जाईल व कोलकाता बंदर जगेल, असा प्रकल्पाचा हेतू होता. बंदराला गाळ उपसण्याची गरज त्यानंतरही राहिली.

(क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर. पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाच्या बातम्यांतून हे माप मराठी वाचकांच्या परिचयाचे झालेले आहे.)

या प्रकल्पाला पाकिस्तानने १९५१ मध्येच हरकत घेतली होती. भारतातही सर्वांचे एकमत नव्हते. बंगालमधील अभियंता कपिल भट्टाचार्य यांनी बांधकामापूर्वीच असा इशारा दिला होता की, कोरड्या हंगामात हुगळीला अपेक्षित पाणी मिळणार नाही, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गाळ साचेल आणि मालदा व बिहारमध्ये पूर वाढतील. या मतासाठी त्यांना त्या काळात देशद्रोहाचे आरोप सोसावे लागले. पुढील दशकांतील मालदाचा इतिहास पाहता हा इशारा बराचसा खरा ठरला, असे म्हणावे लागते.

बांगलादेशाच्या निर्मितीनंतर १९७२ मध्ये संयुक्त नदी आयोग स्थापन झाला. बंधारा सुरू करताना १९७५ मध्ये ४१ दिवसांची तात्पुरती व्यवस्था ठरली. तिची मुदत संपल्यावरही पाणी वळवणे चालू राहिले. १६ मे, १९७६ रोजी मौलाना अब्दुल हमीद खान भाषानी यांनी राजशाहीहून फरक्क्याच्या दिशेने मोठा मोर्चा नेला. बांगलादेशात हा दिवस आजही ‘फरक्का दिन’ म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपर्यंत गेला. ५ नोव्हेंबर, १९७७ रोजी पाच वर्षांचा करार झाला. त्यात पाणी कितीही कमी असले तरी बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या किमान ८० टक्के मिळण्याची हमी होती. १९८२ व १९८५ मध्ये सामंजस्य करार झाले, परंतु ही हमी त्यांतून वगळली गेली. १९८८ नंतर आठ वर्षे कोणताही करार अस्तित्वात नव्हता.

करारातील प्रमुख तरतुदी

करारात १२ कलमे व दोन परिशिष्टे आहेत. पहिल्या परिशिष्टातील सूत्र दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांना लागू होते. फरक्का येथे ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असल्यास दोन्ही देशांना निम्मे-निम्मे मिळते. ७०,००० ते ७५,००० क्युसेक असल्यास बांगलादेशाला ३५,००० व उरलेले भारताला मिळते. ७५,००० क्युसेक वा त्याहून अधिक असल्यास भारत ४०,००० घेतो आणि बाकीचे बांगलादेशाला जाते. शिवाय ११ मार्च ते १० मे या सर्वांत कठीण काळात प्रत्येक देशाला एकाआड एक अशा तीन टप्प्यांत ३५,००० क्युसेकची हमी आहे.

दुसऱ्या परिशिष्टात १९४९ ते १९८८ या ४० वर्षांच्या सरासरीवर आधारलेले नमुना वेळापत्रक आहे. त्यानुसार ११ ते २० एप्रिल या टप्प्यात फरक्क्याला ६२,६३३ क्युसेक पाणी धरले असून त्यांपैकी ३५,००० भारताला व २७,६३३ बांगलादेशाला मिळते. लगेच पुढच्या टप्प्यात ६०,९९२ क्युसेकपैकी ३५,००० बांगलादेशाला व २५,९९२ भारताला मिळते. दोन सरकारांच्या हिशेबात हे न्याय्य आहे. नदीच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात एकूण प्रवाह घटत असताना सीमेपलीकडील पद्मेचे पाणी दर दहा दिवसांनी एकदम चढते आणि एकदम उतरते. मासेमार, होडीवाले आणि उथळ पाण्यावर पंप लावून शेती करणारे यांना या चढउतारांशी जुळवून घ्यावे लागते.

प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेल्यास दोन्ही सरकारांनी समता, न्याय्य व्यवहार आणि कोणत्याही पक्षाला अपाय न होणे या तत्त्वांनुसार तातडीने विचारविनिमय करावा, असे दुसरे कलम सांगते. अशा वेळी किमान किती पाणी सोडायचे, हे मात्र ठरलेले नाही. त्याच कलमानुसार, वरच्या अंगाच्या देशाने फरक्क्याचा सरासरी प्रवाह टिकवण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करायचे आहेत. मोजमाप फरक्का आणि बांगलादेशातील हार्डिंज पूल या दोन ठिकाणी संयुक्त समितीची पथके करतात. तंटा उद्भवल्यास तो आधी संयुक्त समितीकडे, तेथे न सुटल्यास संयुक्त नदी आयोगाकडे आणि अखेरीस दोन सरकारांकडे जातो. १९६० च्या सिंधू करारात असलेली तटस्थ तज्ज्ञ किंवा लवाद न्यायालय यांसारखी तिसरी पायरी येथे नाही. दहाव्या कलमात दर पाच वर्षांनी आढावा घेण्याची, तर अकराव्या कलमात आढाव्यानंतर एकमत न झाल्यास भारताने बांगलादेशाच्या वाट्याच्या किमान ९० टक्के पाणी सोडत राहण्याची तरतूद आहे.

मजकुरातील उणिवा

करारात ‘पक्ष’ म्हणजे दोन सरकारे. ज्या राज्यांतून, जिल्ह्यांतून आणि गावांतून ही नदी वाहते त्यांचा पक्ष म्हणून उल्लेख नाही. प्रस्तावनेत दोन्ही देशांतील जनतेच्या परस्परहिताची भाषा आहे. परंतु त्या जनतेचे हित कोणी, कशाने आणि कुठे मोजावे, हे पुढील कलमांत येत नाही. पाण्याची गुणवत्ता, खारेपणा, गाळ, काठाची धूप, मत्स्यसंपत्ती, भूजल आणि नदीसाठी राखून ठेवावयाचा पर्यावरणीय प्रवाह यांपैकी कशासाठीही स्वतंत्र तरतूद नाही. स्त्रियांचा उल्लेख संपूर्ण करारात एकदाही येत नाही.

यात १९९६ च्या वाटाघाटी करणाऱ्यांचाच दोष आहे, असे नाही. त्या काळापर्यंतचे बहुतेक जलकरार अभियंते व परराष्ट्र खाते यांनी मिळून लिहिलेले असत, आणि क्युसेक हीच त्यांची भाषा होती. आठ वर्षांची कोंडी फोडणे हेच तेव्हाचे मोठे काम होते. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांच्या जलवाहतुकेतर वापराविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करारनामा त्यानंतर पाच महिन्यांनी, २१ मे, १९९७ रोजी संमत झाला. पाण्याच्या वापरांत संघर्ष आल्यास माणसांच्या मूलभूत गरजांकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्याच्या दहाव्या कलमात आहे. त्यावरील मतदानात भारत तटस्थ राहिला. बांगलादेशाने बाजूने मत दिले. तथापि स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव दूर करण्याविषयीचा १९७९ चा करारनामा तेव्हा अस्तित्वात होता आणि दोन्ही देश त्याला बांधील होते. ग्रामीण स्त्रियांच्या पाणीपुरवठ्याचा हक्क त्याच्या चौदाव्या कलमात आहे. पाणीवाटपाचा करार आणि स्त्रियांच्या हक्कांचा करार ही दोन वेगळ्या खात्यांची कामे मानली गेली.

बाधित समुदाय

मालदा व मुर्शिदाबाद. बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला गाळ साचत गेला आणि राजमहाल ते फरक्का या पट्ट्यात गंगेचा मुख्य प्रवाह डाव्या काठाकडे, म्हणजे मालदा जिल्ह्याकडे, सरकत गेला. मानिकचक व कालियाचक भागांतील गावे, शाळा, बागा आणि शेते नदीत गेली. पंचानंदपूर हे एकेकाळचे गजबजलेले व्यापारी गाव याचे ठळक उदाहरण आहे. बंधाऱ्याच्या खाली उलट उजवा काठ ढासळतो. मुर्शिदाबादमधील धुलियान, शमशेरगंज, जलंगी ही नावे तेथील धुपीमुळे वारंवार बातम्यांत येतात.

बुडीत क्षेत्रातील विस्थापित आणि धुपीने विस्थापित यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. मराठीत ‘धरणग्रस्त’ हा शब्द ज्यांची जमीन सरकारने संपादन केली त्यांच्यासाठी रूढ झाला. त्यांना किमान नोटीस, मोबदला आणि पुनर्वसनाची मागणी यांचा आधार असतो. मालदातील शेतकऱ्याची जमीन कोणी संपादन केलेली नसते. एका रात्री ती नदीत पडते. प्रकल्प आणि नुकसान यांतील कार्यकारणसंबंध अभियंत्यांना दिसत असला तरी भूसंपादनाच्या कायद्यात त्याला जागा नाही. नदीने एका काठाची घेतलेली जमीन काही वर्षांनी दुसऱ्या काठालगत बेटाच्या रूपाने वर येते, आणि ते बेट झारखंडच्या हद्दीत मोजले जाते. तिथे राहायला गेलेल्या मालदाच्या लोकांना शिधापत्रिका, मतदार यादी, शाळा यांसाठी दोन राज्यांच्या दारांत खेटे घालावे लागले आहेत.

धूपप्रतिबंधक कामे कोणी करायची, हाही वादाचाच विषय आहे. फरक्का बॅरेज प्रकल्प प्राधिकरणाची जबाबदारी २००५ मध्ये नदीच्या १२० किलोमीटर लांबीपर्यंत वाढवली गेली होती. २०१७ मध्ये ती पुन्हा सुमारे १९ किलोमीटरवर आणली गेली. पश्चिम बंगाल सरकारने याबद्दल केंद्राकडे वारंवार तक्रार केली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळासाठी धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. धूप ही पुनर्वसनास पात्र आपत्ती आहे, याची ही उशिरा मिळालेली मान्यता म्हणता येईल.

बिहार. भागलपूर जिल्ह्यातील कहलगाव येथे १९८२ मध्ये सुरू झालेले गंगा मुक्ती आंदोलन मुख्यतः नदीवरील जमीनदारी, म्हणजे ‘पानीदारी’, संपवण्यासाठी होते. परंतु फरक्क्यामुळे घटलेली मासळी हाही त्याचा मुद्दा होता. समुद्रातून अंडी घालण्यासाठी वर चढणारा हिलसा पूर्वी अलाहाबादपर्यंत सापडे. बंधाऱ्यानंतर त्याची वाट अडली आणि बिहारमधील मल्लाह कुटुंबांचे एक हुकमी उत्पन्न नाहीसे झाले. आंदोलनात मच्छीमार स्त्रियांचा सहभाग लक्षणीय होता. २०१६ च्या पुरानंतर बिहारचे मुख्यमंत्री नीतीश कुमार यांनी बंधारा हटवण्याचीच मागणी केली. करार जे पाणी वाटतो त्याच्याशी बिहारचा वरकरणी संबंध नाही. बंधाऱ्याच्या परिणामांशी मात्र आहे.

नैर्ऋत्य बांगलादेश. खुलना, सातखीरा व बागेरहाट या जिल्ह्यांना आणि सुंदरबनाला गोडे पाणी मुख्यतः गोराई या पद्मेच्या शाखेतून मिळते. कोरड्या हंगामात पद्मेची पातळी उतरली की गोराईचे मुख गाळाने बंद होऊ लागते आणि समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर आत सरकते. गोराईतील गाळ उपसण्याचे मोठे काम १९९८ पासून हाती घेण्यात आले; ते पुन्हा पुन्हा करावे लागते. कुष्टिया परिसरातील गंगा-कोबदक सिंचन योजनेचे भेडामारा येथील पंपही नदीची पातळी खाली गेली की बंद पडतात.

खारेपणाचे सारे खापर फरक्क्यावर फोडणे मात्र वस्तुस्थितीला धरून होणार नाही. १९६० च्या दशकात किनाऱ्यावर, कोकणातील खारभूमी योजनांची आठवण करून देणारे, मातीचे बांध घालून शेती सुरक्षित करण्यात आली; त्यामुळे भरतीचा गाळ शेतांऐवजी नदीपात्रांत साचला. १९८० नंतर निर्यातीच्या कोळंबीसाठी अनेक ठिकाणी हेच बांध फोडून खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. २००७ चे सिद्र व २००९ चे आयला या चक्रीवादळांनी गोड्या पाण्याचे तलाव खारे केले. वरून येणारे गोडे पाणी घटणे हे या सर्व कारणांची तीव्रता वाढवणारे कारण आहे. म्हणूनच त्याची स्वतंत्र, संयुक्त मोजणी होणे महत्त्वाचे ठरते. करारानुसारची मोजणी हार्डिंज पुलापाशी थांबते. तेथून खाली, जिथे पाण्याचा तुटवडा माणसांच्या शरीरावर उमटतो, तिथे दोन्ही देशांचे मिळून एकही मापनकेंद्र नाही.

स्त्रियांवरील परिणाम

खुलना-सातखीरा भागात पिण्याचे पाणी आणणे हे जवळजवळ सर्वस्वी स्त्रिया व मुली यांचे काम आहे. कूपनलिकेचे पाणी खारे असल्याने त्यांना गोड्या पाण्याचा तलाव, वाळूच्या गाळणीचे टाके किंवा पावसाचे साठवलेले पाणी यांवर अवलंबून राहावे लागते. फेब्रुवारीनंतर हे साठे आटू लागतात. करारातील कठीण टप्पे नेमके याच महिन्यांत येतात.

खारट पाणी पिण्याचे दुष्परिणाम गर्भवती स्त्रियांत विशेष दिसून आले आहेत. खुलना जिल्ह्यातील दाकोप भागात झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासात, पिण्याच्या पाण्यातून शरीरात जाणारे मीठ आणि गर्भारपणातील उच्च रक्तदाब यांचा संबंध आढळला. कोरड्या हंगामात या तक्रारींचे प्रमाण पावसाळ्यापेक्षा जास्त होते. उच्च रक्तदाबाचा हा विकार माता व अर्भक दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. याखेरीज कोळंबीची पिल्ले पकडण्यासाठी गरीब स्त्रिया व मुले कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात तासन्‌तास जाळे ओढतात. बांगलादेश सरकारने २००० मध्ये नैसर्गिक पिल्ले पकडण्यावर बंदी घातली, पण दुसरा रोजगार नसलेल्यांनी ते काम सोडलेले नाही. भातशेतीच्या जागी कोळंबीची तळी आल्याने लावणी, कापणी, झोडपणी यांतून स्त्रियांना मिळणारी मजुरीही घटली, आणि परसातील भाजीपाला, कोंबड्या व गाय यांवर चालणारा घरगुती उदरनिर्वाह आक्रसला.

भारतीय बाजूला प्रश्नाचे रूप वेगळे आहे. मुर्शिदाबादचा जंगीपूर-धुलियान पट्टा विडी वळण्याच्या घरगुती उद्योगासाठी प्रसिद्ध असून हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. तंबाखू व पाने घरी आणून देणारा आणि वळलेल्या विड्या मोजून नेणारा मध्यस्थ ‘मुन्शी’ म्हणून ओळखला जातो. घर नदीत गेले की स्त्रीचे कामाचे ठिकाणही जाते. बांधावर ताडपत्रीखाली विडीची पाने कोरडी ठेवणे अवघड असते. शेतजमीन सहसा पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावे असल्यामुळे नुकसानीच्या यादीत स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे येत नाही. पुरुष कामासाठी केरळ, दिल्ली, मुंबईकडे जातात आणि मागे राहिलेली स्त्री कुटुंब चालवते, परंतु सरकारी कागदावर ती कुटुंबप्रमुख नसते. विधवा व परित्यक्ता यांची स्थिती याहून कठीण आहे. दोन्ही काठांवरील परिस्थिती भिन्न असली तरी एक गोष्ट समान आहे: नुकसान मोजणारी यंत्रणा जमीन व पीक मोजते, तर स्त्रियांचे नुकसान बरेचसे वेळ, आरोग्य आणि बिनपगारी श्रम यांच्या रूपात असते.

राज्यांचे स्थान

भारतीय संविधानानुसार पाणी हा मुख्यतः राज्यसूचीतील विषय आहे. आंतरराष्ट्रीय करार करणे हा मात्र केंद्राचा अधिकार आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी वाटाघाटींत महत्त्वाची भूमिका बजावल्याने करार शक्य झाला. २०११ मध्ये तिस्ता नदीचा तयार करार मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या विरोधामुळे अडला व आजतागायत झालेला नाही. जून २०२४ मध्ये भारत-बांगलादेश यांनी गंगा कराराच्या नूतनीकरणासाठी तांत्रिक चर्चा सुरू करण्याचे जाहीर केले, तेव्हा राज्याला विश्वासात न घेतल्याचा आक्षेप बॅनर्जी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून नोंदवला. बांगलादेशाच्या संविधानातील १४५-अ अनुच्छेदानुसार करार संसदेपुढे ठेवला जातो; भारतात करारासाठी संसदेच्या पूर्वसंमतीची अट नाही. राज्य सरकारांचीच ही अवस्था असेल, तर ग्रामपंचायतीचा आवाज वाटाघाटींपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आजघडीला अस्तित्वात नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

सुधारणांचे प्रस्ताव

नूतनीकरणाविषयीच्या चर्चेत पुढे येणाऱ्या सूचनांपैकी सर्वांत मूलगामी सूचना वाटपाच्या क्रमाची आहे. सध्या उपलब्ध पाणी दोन देशांत पूर्ण वाटले जाते. नदीसाठी काही शिल्लक ठेवलेले नसते. त्याऐवजी खारेपणा रोखण्यासाठी व मासळीसाठी लागणारा किमान प्रवाह आधी बाजूला काढावा आणि उरलेल्याची वाटणी करावी, असा हा विचार आहे. भारताने २०१८ मध्ये गंगेच्या उगमापासून उन्नावपर्यंत किमान पर्यावरणीय प्रवाह अधिसूचित केला. तत्त्व मान्य झालेले आहे. ते फरक्क्यापर्यंत आलेले नाही.

दुसरी सूचना प्रतिनिधित्वाची आहे. संयुक्त समितीत सरकारनियुक्त अधिकारी असतात. तिच्या जोडीला बाधित भागातील लोकप्रतिनिधींची सल्लागार समिती असावी व तिच्यात स्त्रियांचे प्रमाण निश्चित असावे, अशी मागणी आहे. त्यासाठी नवी निवडणूक नको. भारतात त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या आणि पश्चिम बंगालने हे प्रमाण निम्म्यावर नेले. बांगलादेशात प्रत्येक युनियन परिषदेत स्त्रियांसाठी तीन राखीव जागा असून १९९७ पासून त्या थेट निवडणुकीने भरल्या जातात. नदीच्या दोन्ही काठांवर निवडून आलेल्या स्त्री-सदस्यांची फळी गेली जवळपास तीस वर्षे, म्हणजे करार जितका जुना तितकीच, उभी आहे. करारयंत्रणेने तिचा उपयोग करून घेतलेला नाही, इतकेच.

तिसरा मुद्दा माहितीचा. भारतात गंगा खोऱ्यातील प्रवाहाची आकडेवारी गोपनीय मानली जाते. फरक्का व हार्डिंज पूल येथील रोजची मापे, आणि त्यांच्यासोबत गोराई व खुलना भागातील खारेपणाची मापे, बंगाली भाषेत खुली प्रसिद्ध झाल्यास काठावरच्या माणसाला आपल्या वाट्याचे पाणी आले की नाही, हे स्वतः तपासता येईल. धुपीने व खारेपणाने बाधित झालेल्यांसाठी दोन्ही देशांचा सामाईक निधी, नुकसानभरपाई पती-पत्नींच्या संयुक्त नावे देणे आणि व्यक्तीला वा गावाला थेट दाद मागता येईल अशी तक्रार निवारण व्यवस्था याही सूचना आहेत.

अन्य खंडांत अशा सुधारणांचे काही दाखले आहेत. सेनेगल नदीच्या २००२ च्या जलसनदेत माली, मॉरिटानिया व सेनेगल या देशांनी खोऱ्यातील पारंपरिक शेतीसाठी धरणातून दरवर्षी कृत्रिम पूर सोडण्याचे तत्त्व मान्य केले. अमेरिका व कॅनडा यांच्यातील १९६१ च्या कोलंबिया नदी करारात आदिवासी राष्ट्रांना विचारले गेले नव्हते. नव्या वाटाघाटींत कॅनडाने २०१९ पासून त्यांना निरीक्षक म्हणून बसवले, आणि २०२४ च्या तत्त्वतः सहमतीत नदीच्या परिसंस्थेला स्थान मिळाले. लेसोथो व दक्षिण आफ्रिका यांच्या १९८६ च्या करारात तर बाधितांचे जीवनमान पूर्वीपेक्षा खालावू नये, अशी स्पष्ट जबाबदारी आहे. तिच्या अंमलबजावणीविषयी तेथेही बरीच टीका झाली. तरीही ती टीका करारातील शब्दांवर बोट ठेवून करता आली. गंगा करारात बोट ठेवायला असे शब्दच नाहीत.

आक्षेप

सुधारणांविषयी शंका घेणारेही आहेत. १९९६ चा करार टिकला तो त्याच्या साधेपणामुळे. त्यात खारेपणा, धूप, मासळी असे विषय घातले तर सहमती होणारच नाही, असे अनेक मुत्सद्द्यांचे मत आहे. भारतीय बाजूने बंदर, वीज केंद्रे व वाढती लोकसंख्या यांच्या गरजा मांडल्या जातात. बांगलादेशाचा भर १९७७ सारख्या किमान हमीवर आहे. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्याचा अर्थ सर्व विषय एकाच मजकुरात घालू नयेत, इतकाच निघतो. मोजमाप, माहिती व प्रतिनिधित्व यांसाठी जोडपत्र करता येते आणि त्याने क्युसेकच्या सूत्राला धक्का लागत नाही.

प्रवाह वाढवण्याच्या योजनांबाबत अधिक सावधगिरी हवी. आठव्या कलमात प्रवाहवृद्धीसाठी सहकार्याची तरतूद आहे. बांगलादेशाने पूर्वी नेपाळमध्ये साठवण धरणे सुचवली होती, तर भारताने ब्रह्मपुत्रेचे पाणी कालव्याने गंगेत आणण्याची कल्पना मांडली होती. दोन्ही योजनांत नवे विस्थापित निर्माण होतील आणि कराराच्या आजच्या मजकुरात त्यांनाही स्थान नसेल.

सद्यस्थिती

ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तांतर झाले. त्यानंतरही संयुक्त समितीचे काम चालू राहिले. मार्च २०२५ मध्ये तिच्या सदस्यांनी फरक्क्याला भेट दिली व कोलकात्यात बैठक घेतली. एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानसोबतचा सिंधू करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केल्याने जलकरारांच्या स्थैर्याविषयी शेजारी देशांत नव्याने चर्चा सुरू झाली. जून २०२५ मध्ये बांगलादेश सीमापार जलप्रवाहांविषयीच्या १९९२ च्या हेलसिंकी करारनाम्यात सामील झाला. दक्षिण आशियातील असा तो पहिला देश होय. भारत या करारनाम्याचा सदस्य नाही.

नूतनीकरण वेळेत न झाल्यास काय होते, याचा अनुभव १९८८ ते १९९६ या काळात आलेला आहे. मार्च १९९३ मध्ये हार्डिंज पुलाजवळील प्रवाह १०,००० क्युसेकच्याही खाली गेला होता, आणि तेव्हा दाद मागण्यासाठी कोणतेही कलम उपलब्ध नव्हते. कराराची मुदत १२ डिसेंबर, २०२६ रोजी संपते. वाटपाचा पुढील हंगाम त्यानंतर २० दिवसांनी, १ जानेवारी, २०२७ रोजी सुरू होतो.